विहिरीच्या पाण्याची परीक्षा दोन रंगांनी करा



ऊस विकास खात्यातर्फे या अंकात बेण्याविषयी किंवा खताच्या हप्त्यांविषयी लिहावे, अशी सूचना होती. तो विषय पुढच्या अंकी घेऊ. यावेळी आम्ही पाण्याविषयी लिहिणार आहोत, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

तळेगाव गटाच्या पूर्वेकडील शिवारात आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत. नाव छापत नाही. गटातले लोक त्यांना अण्णा म्हणतात, आपणही अण्णाच म्हणू. नदीवरची उपसा पाळी बेभरवशाची झाली म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वी बोअर घेतले. पाणी भरपूर लागले. त्यांनी ते एका प्रयोगशाळेत तपासून आणले व कागद आमच्यापुढे ठेवला. कागदावर दोनच आकडे होते. सामू ७.९ आणि विद्युत वाहकता ०.७. दोन्ही आकडे पाहून कोणीही मान डोलवावी असेच होते. आम्हीही डोलावली आणि कागदावर शेरा मारला : “ओलितास योग्य.” खाली आमची सही आहे. तो कागद अण्णांनी जपून ठेवला आहे.

पहिले पीक बरे आले. खोडव्याला सरीत पाणी दोन-दोन दिवस तुंबून राहू लागले. जमीन वाळली की दगडासारखी, भिजली की लोण्यासारखी. नांगराला निघणारी ढेकळे कुळवाने फुटेनात. सखल भागात मातीवर काळपट, तेलकट साय दिसू लागली. एकरी पन्नास टनांचा तुकडा अठ्ठावीस टनांवर आला. अण्णा आमच्याकडे आले ते भांडायला नव्हे. म्हणाले, “साहेब, पाणी तर गोड हाय. साबणाला फेस येतो, डाळ घटकाभरात शिजती. मग जमिनीला काय झालं?”

अण्णांच्या त्या वाक्यातच उत्तर होते, आणि ते आमच्या ध्यानात यायला आणखी आठ दिवस लागले.

आपल्याकडे पाण्याची पारख डाळीवर होते. डाळ शिजत नाही ते पाणी जड, शिजते ते हलके व चांगले. घरच्यासाठी ही पारख अगदी बरोबर आहे. जड पाण्यात चुना (कॅल्शियम) व मॅग्नेशियम असते, ते डाळीला शिजू देत नाही, साबणाचा फेस मोडते आणि बंबात पांढरा थर धरते. पण जमिनीच्या दृष्टीने चुना हा मित्र आहे. तो मातीचे कण धरून ठेवतो, माती भुसभुशीत राखतो. उलट डाळ लवकर शिजावी म्हणून घरात आपण काय टाकतो? चिमूटभर सोडा. मग ज्या पाण्यात डाळ आपोआपच लवकर शिजते, त्या पाण्यात सोडा आधीच असण्याचा संभव असतो. सगळ्याच हलक्या पाण्यात तो असतो असे नव्हे. पवनेचे, इंद्रायणीचे पाणीही हलकेच. ते पावसाचे पाणी, त्यात मुळातच काही विरघळलेले नाही. परंतु खोल बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ते खडकात वर्षानुवर्षे मुरलेले असते, आणि काही ठिकाणी त्यातला चुना खडकात राहून बदल्यात सोडियम पाण्यात येते. ते जिभेला गोड लागते आणि जमीन चोपण करते.

सोड्याचे आणि तळेगावचे नाते तसे जुने आहे. एकेक पैसा वर्गणी जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली इथेच निघाला. वाळू, चुनखडी आणि सोडा यांची काच होते, एवढे तळेगावच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. तो सोडा म्हणजे धुण्याचा सोडा, सोडियम कार्बोनेट. भज्यात व डाळीत घालतो तो खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आणि गोळीची बाटली फोडली की फसफसते ते सोडावॉटर म्हणजे पाण्यात दाबून भरलेला कर्बवायू. ही तिन्ही एकाच घरची भावंडे आहेत. धुण्याच्या सोड्यात थोडे आम्ल घाला, त्याचा खाण्याचा सोडा होतो. आणखी तितकेच आम्ल घाला, फसफसून सोडावॉटर होते. दोन टप्पे, आणि दोन्ही टप्प्यांना आम्ल सारखेच लागते.

पाण्याच्या परीक्षेतले सारे मर्म या दोन टप्प्यांत आहे. पदविकेच्या पहिल्या वर्षी आम्ही हे शिकलो होतो. “सौम्य द्वि-आम्लारीचे तीव्र आम्लाबरोबर अनुमापन” असे त्या प्रयोगाचे भारदस्त नाव. ब्युरेटपुढे उभे राहून थेंब मोजताना आम्ही पोरे म्हणायचो, याचा शेतीशी काय संबंध? प्रयोगवही पूर्ण केली, गुण मिळवले आणि विसरलो. अण्णांच्या तुकड्याने ते पुन्हा शिकवले.

प्रयोग समजायला अवघड नाही. कार्बोनेट म्हणजे दोन बैलांचे जू समजा. दोन्ही बाजू रिकाम्या. आम्ल म्हणजे बैल घेऊन येणारा गडी. तो एक शिस्त पाळतो : आधी सगळ्या जुवांना एकेक बैल जुंपतो, आणि ते झाल्यावरच दुसऱ्या बैलाला हात घालतो. एक बैल जुंपलेले जू म्हणजे बायकार्बोनेट. दोन्ही जुंपले की झाला कर्बाम्लाचा सोडावॉटर. आता पाण्यात काही जू रिकामे आणि काही एक बैल आधीच जुंपलेले, अशी सरमिसळ असते. पहिल्या फेरीला किती बैल लागले आणि एकूण किती लागले, हे मोजले की रिकामे जू किती व अर्धे जुंपलेले किती, याचा हिशोब बोटावर होतो.

फेरी संपली हे कळायचे कसे? रंगावरून. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. तशीच रंग बदलणारी दोन द्रव्ये येथे वापरतात. पहिले फेनॉल्फ्थॅलीन. (हेच द्रव्य पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत असे. प्रयोगशाळेत चव घेऊ नये, हे सांगायला नकोच.) पन्नास मिलिलिटर पाण्यात त्याचे दोन-तीन थेंब टाकले आणि पाणी गुलाबी झाले तर कार्बोनेट आहे. गुलाबी झालेच नाही तर पहिली फेरी नाहीच, सरळ दुसरीकडे जावे. गुलाबी झाले असेल तर ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल गंधकाम्ल थेंबाथेंबाने सोडायचे. सामू साधारण ८.३ ला आला की गुलाबी रंग जातो. आकडा लिहून घ्यायचा. मग त्याच भांड्यात मिथिल ऑरेंज टाकायचे. पाणी पिवळे होते. आम्ल पुढे चालू ठेवायचे, आणि पिवळ्याचा नारिंगी होताच थांबायचे. तेथे सामू साडेचारच्या आसपास असतो. लाल झाले तर हात पुढे गेला असे समजून पाणी फेकून नव्याने सुरुवात करावी. एकूण आकडा लिहायचा.

अण्णांच्या पाण्याचे आकडेच देतो. गुलाबी रंग अर्ध्या मिलिलिटरला गेला. नारिंगी रंग आला तेव्हा एकूण सोळा मिलिलिटर आम्ल लागले होते. पहिल्या फेरीत कार्बोनेटला लागलेले आम्ल अर्धे, म्हणून कार्बोनेटचे एकूण एक मिलिलिटर. सोळातून एक वजा जाता पंधरा राहिले, ते बायकार्बोनेटचे. पन्नास मिलिलिटर नमुना आणि ०.०२ नॉर्मल आम्ल असेल तर एका मिलिलिटरला लिटरमागे ०.४ मिलीइक्विव्हॅलंट धरतात. म्हणजे कार्बोनेट ०.४ आणि बायकार्बोनेट ६.०; मिळून ६.४. पाण्यातला चुना व मॅग्नेशियम मिळून भरले २.६. वजाबाकी ३.८. या वजाबाकीला उर्वरित सोडियम कार्बोनेट म्हणतात. अमेरिकेतील क्षार संशोधन प्रयोगशाळेने १९५४ साली घालून दिलेल्या मर्यादा आजही सर्वत्र वापरतात : १.२५ पर्यंत पाणी निर्धोक, १.२५ ते २.५ जपून वापरावे, २.५ च्या वर ओलितास अयोग्य.

“ओलितास योग्य” या आमच्या शेऱ्याखालचे पाणी ३.८ चे होते.

काही सभासद विचारतील, सामू ७.९ होता तर एवढा सोडा कळला कसा नाही? तुमच्या रोजच्या व्यवहारातला दाखला देतो. हातातल्या ब्रिक्स मीटरवर उसाचा रस वीस दाखवला, तर गोडी किती ते कळते. त्यावरून एकरी किती टन ऊस निघेल हे कोणी सांगेल का? सामू हा तसा गोडीचा आकडा आहे. पाण्याचा कल आम्लाकडे आहे की सोड्याकडे, एवढेच तो सांगतो. सोड्याचा साठा किती आहे, ते टनेज, फक्त थेंब मोजून कळते. बायकार्बोनेट लिटरमागे दोन असो की सहा, सामू आठच्या आसपासच घुटमळतो, कारण बायकार्बोनेटचा गुणच असा की आम्ल असो की अल्क, थोडेफार आले तरी तो सामूला हलू देत नाही.

दुसरी गंमत अशी की सामू जागेप्रमाणे बदलतो. बोअरमधून नुकतेच आलेल्या पाण्यात कर्बवायू जास्त असतो, म्हणून सामू कमी दिसतो. तेच पाणी उघड्या भांड्यात ठेवले की वायू उडतो आणि सामू चढतो. अण्णांचे पाणी बोअरवर ७.९ होते, ते आमच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी ८.६ झाले. गुलाबी रंगाचा पहिला आकडाही यात मागेपुढे होतो. एकूण आम्लाचा सोळाचा आकडा मात्र हलत नाही; वायू उडाल्याने जुवांची संख्या कमी होत नाही. चुना भांड्याच्या तळाशी बसला तरच तो घटतो. म्हणूनच आम्ही म्हणतो की, ज्या अहवालात सामू आणि वाहकता एवढेच आहे तो अहवाल अर्धा आहे. अशा अर्ध्या अहवालावर यापुढे आमचे खाते “योग्य” असा शेरा मारणार नाही.

जमिनीत काय घडते तेही थोडक्यात सांगू. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवते; क्षार मागे राहतात. बायकार्बोनेट आणि चुना यांची गाठ पडून चुनखडी होते व तळाशी बसते. चुना असा खर्ची पडला की मैदान सोडियमला मोकळे. ते काळ्या मातीच्या कणांना चिकटते, कण फुगून सुटे होतात, मातीची भोके बुजतात, आणि पाणी खाली जायचे थांबते. नीरा खोऱ्यात कालव्यावरच्या जमिनींचे काय हाल झाले, हे त्या भागातले पाहुणे असतील त्यांना विचारा. ऊस आणि त्याच्या जमिनी यांवर काम व्हावे म्हणून पाडेगावला १९३२ साली संशोधन केंद्र निघाले, यावरून त्या प्रश्नाचे वजन ध्यानात यावे. तिकडे दोष मुख्यतः जादा पाण्याचा व निचऱ्याचा. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा येऊ पाहत आहे.

“आपण मावळातले, आपल्याला कशाची भीती?” असे काही जण म्हणतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; त्या बाजूच्या भातखाचरांत सोडा साठायला जागाच नाही, पाऊस दरवर्षी सारे धुऊन नेतो. पण पाऊस लोणावळ्याहून पूर्वेकडे झपाट्याने ओसरतो, तळेगावला तो निम्म्याहूनही कमी. पुढे कार्यक्षेत्राच्या कडेला तर आणखी कमी. नदीकाठचे सभासद सुखी आहेत, त्यांनी हा लेख वाचून घाबरू नये. नदीपासून लांब, खोल बोअरवर, काळ्या भारी जमिनीत ऊस घेणाऱ्यांनी मात्र घाबरावे. थोडेसे का होईना.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. कोणाला बोचली तर क्षमा असावी. आपल्या कारखान्यात बॉयलरला जाणाऱ्या पाण्याची हीच परीक्षा, हीच दोन रंगांची, रोज पाळीला होते. पाण्यात सोडा वा चुना वाढला तर नळ्यांवर थर धरतो, नळी फुटते, गाळप थांबते. म्हणून केमिस्ट डोळ्यांत तेल घालून थेंब मोजतो. रास्तच आहे. पण ज्या जमिनीतून ऊस येतो तिच्या पाण्याची परीक्षा दहा वर्षांत एकदाही होत नाही. बॉयलरची नळी बदलता येते. जमीन बदलून मिळत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. तळेगाव गट कार्यालयात एक ब्युरेट, दोन पिपेट, चार काचेची भांडी आणि तीन बाटल्या द्रव्ये ठेवावीत. त्यासाठी वेगळी इमारत नको, यंत्र नको. चुना व मॅग्नेशियमची परीक्षाही त्याच टेबलावर होते. आम्लाची तीव्रता महिन्यातून एकदा कारखान्याच्या प्रयोगशाळेने तपासून द्यावी, कारण आम्लच चुकले तर सगळेच चुकले. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी माती-पाणी परीक्षणाची उत्तम सोय आहे, मग इथे कशाला, असा प्रश्न बैठकीत निघाला होता. संपूर्ण पृथक्करणासाठी तेथे जावेच. परंतु मांजरीला जाणारा सभासद शंभरात किती? आणि दुसरे असे की, गुलाबी रंग आपल्या डोळ्यांदेखत गेलेला ज्याने पाहिला, तो आकड्यावर विश्वास ठेवतो. छापील कागदावर नाही ठेवत. अण्णांनी दोन वेळा परीक्षा करायला लावली. एकदा स्वतःच्या बोअरची आणि एकदा नदीची. नदीच्या पाण्यात गुलाबी रंग आलाच नाही आणि चार मिलिलिटरच्या आत नारिंगी झाले. अण्णा बराच वेळ दोन्ही भांड्यांकडे बघत बसले होते.

ही परीक्षा कोणीही करू शकेल, पण घाईने नको. आम्ल भसकन ओतले की जेथे पडते तेथे फसफसून वायू निघून जातो आणि पहिला आकडा चुकतो. पहिला रंग हळूहळू जातो, एकदम नाही. शेजारी चिमूटभर खाण्याच्या सोड्याचे पाणी त्याच दर्शकासह ठेवावे आणि त्याच्या रंगाशी ताडून पाहावे. संध्याकाळी बल्बच्या उजेडात नारिंगी रंग ओळखू येत नाही. परीक्षा दिवसा करावी.

आकडा वाईट निघाला तर काय? पाणी टाकून देता येत नाही, हे आम्हीही जाणतो. एकरी दहा सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी. वजाबाकीतला एकेक आकडा खाली आणायला अशा पाळीमागे सुमारे ३५ किलो शुद्ध जिप्सम लागते. अण्णांना ३.८ वरून १.२ वर यायचे होते. पाळीमागे ९१ किलो. वीस पाळ्या धरल्या तर एकरी अठरा क्विंटल. हा आकडा ऐकून अण्णांनी टोपी काढून डोके पुसले. तेव्हा आम्ही हिशोब दुसरीकडून मांडला. नदीचे व बोअरचे पाणी आलटून-पालटून दिले तर जिप्समचा खर्च निम्म्याहून खाली येतो. ताग किंवा धैंचा गाडायचा. आपल्या कारखान्याची मळी गंधक-प्रक्रियेतली आहे, ती चांगली कुजवून टाकायची. आणि चर खणून निचरा आधी करायचा, कारण निचरा नसेल तर जिप्समने सुटलेले सोडियम तिथल्या तिथेच राहते आणि पैसे मातीत जातात.

ठिबकवाल्यांसाठी आणखी एक फायदा. ठिबकच्या तोट्या चुनखडीने बुजतात व त्या आम्लाने साफ कराव्या लागतात. किती आम्ल, हे बरेच जण अंदाजाने टाकतात. तसे न करता बादलीभर आपलेच पाणी मोजून घ्यावे, त्यात मोजके आम्ल थोडे थोडे घालत सामू ४ पर्यंत आणावा आणि लागलेल्या मापावरून सगळ्या पाण्याचा हिशोब करावा. हेही अनुमापनच, फक्त ब्युरेटऐवजी बादली. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये. हातमोजे व चष्मा वापरावा.

संचालक मंडळापुढे आम्ही हा प्रस्ताव ठेवला आहे. मंजुरीची वाट न पाहता एक ब्युरेट आम्ही आणून ठेवला आहे, तो सध्या कपाटात खतांच्या पावत्यांशेजारी उभा आहे. ज्यांना अडसाली लागण करायची आहे त्यांनी मे महिन्यात, बोअर सर्वांत खाली गेलेले असताना नमुना आणावा. पावसाळ्यातले पाणी सगळ्यांचेच चांगले दिसते. मोटार अर्धा तास चालल्यावर, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली लिटरची स्वच्छ बाटली काठोकाठ भरावी, हवा राहू देऊ नये, बूच घट्ट लावावे आणि त्याच दिवशी गट कार्यालयात पोचवावी. बाटलीवर नाव, गट नंबर, बोअरची खोली आणि तारीख लिहावी. तेलाची किंवा औषधाची बाटली आणू नये. शक्यतो स्वतः यावे, पोराच्या हाती पाठवू नये. रंग पाहायला माणूस समोर हवा.

अण्णांच्या त्या तुकड्यात सध्या ताग कंबरेइतका झाला आहे. चर खणून झाले, जिप्समचा पहिला हप्ता पडला. पुढच्या लागणीला बेणे कोणते घ्यावे, को ८६०३२ की क्षार सोसणारे कोएम ०२६५, यावर अण्णांचे आणि आमचे अजून एकमत झालेले नाही.